तीनशे व्होल्टच्या सासूबाई

उभ्या नागपुरात माझ्या सासूबाईंइतके विजेचे झटके कोणी खाल्ले नसतील, आणि खाल्ले असलेच तर त्याच तारेला पुन्हा हात घालायला तो माणूस मागे उरला नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. हात ठेवण्याआधी तो कोरडा आहे की नाही तेवढं पाहून घेतो; ही सवय मला त्यांच्याच घरात लागली. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. सातवी-आठवीच्या पोरांना फळ्यावर बॅटरी, तार आणि दिवा काढून दाखवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पण घरातला दिवा गेला तर मी बायकोला हाक मारी आणि ती स्टूल घेऊन येई, कारण ती त्यांची मुलगी होती. सासूबाईंना मी मामी म्हणे. त्या मला मास्तर म्हणत, आणि त्या 'मास्तर'मध्ये आदर किती आणि दया किती, याच्या खोलात मी कधी शिरलो नाही. वस्तीतले लोक त्यांना करंटवाली बाई म्हणत. काही जण मागून कानशिलापाशी बोटही फिरवत. फिरवोत बापडे! ज्यांनी जन्मात एक फ्यूज बांधला नाही त्यांच्या बोटांना दुसरं काम तरी काय होतं?

मामी मिलमध्ये सुताची रिळं भरायच्या खात्यात बावीस वर्षं होत्या. ठेंगणी, काटक बाई. नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या, आणि बोलण्यात मिलचा आवाज कायमचा मुक्कामाला आलेला, त्यामुळे त्या कानात सांगत ते शेजारच्या तीन घरांना कळे. तुटलेला धागा न बघता जोडण्याची त्यांच्या बोटांना सवय होती. मिल सुटली तरी बोटं काही सुटली नाहीत. त्यांना सारखं काहीतरी गुंडाळायला, जोडायला, सोडवायला लागे. अशात मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सीताबर्डीच्या कबाड्याकडून एक जुना रेडिओ आणला. लाकडी खोक्याचा, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला. तो आठ दिवस गायला आणि नवव्या दिवशी त्यानं मौन धरलं. मी तेव्हा नवाकोरा जावई, पहिल्यांदाच जेवायला बोलावलेला. मामींनी रेडिओची पाठ माझ्यापुढे केली आणि तिच्यावरच्या लाल इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं.

"मास्तर, हे काय लिवलं हाये?"

"आत धोका आहे, हात लावू नका, असं लिहिलंय."

"कोनाले?"

"सगळ्यांनाच."

"असं का? मले वाटलं, मलेच म्हनून राहिले," असं म्हणून त्या आत गेल्या, भाजी चिरायची सुरी घेऊन आल्या आणि रेडिओचे स्क्रू काढायला बसल्या. आधी प्लग काढायचा असतो, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण नव्या जावयानं पहिल्याच जेवणाला सासूला शिकवायला बसू नये, म्हणून मी गप्प राहिलो. दुसऱ्या मिनिटाला मामी भिंतीला जाऊन टेकल्या. सुरी कोपऱ्यात, पदर खांद्यावरून खाली. त्यांनी बोटं तोंडात घातली, रेडिओकडे थोडा वेळ निरखून पाहिलं आणि फक्त "अस्सं!" म्हणाल्या. माझ्या हातातला घास हातातच राहिला. बायकोनं शांतपणे विचारलं, "भाजी वाढू का?" त्या घराची चाल मला तेव्हाच कळायला हवी होती.

रेडिओ पंधरा दिवसांनी बोलू लागला. त्यानंतर मामींनी थांबायचं नाव घेतलं नाही. पाठीमागची पानं फाटलेलं एक हिंदी पुस्तक त्यांनी पैदा केलं. वाचायला त्या धम्मदीक्षेनंतर, वस्तीतल्या प्रौढांच्या वर्गात शिकल्या होत्या, त्यामुळे अक्षर अक्षर बोटाखाली धरून वाचत आणि जे पान फाटलेलं असे ते स्वतःच्या अंगावर शोधून काढत. शोधून काढण्याची रीत ठरलेली होती. लाकडी पाटावर उभं राहायचं, डावा हात पाठीशी बांधल्यासारखा मागे न्यायचा आणि उजव्या हाताची उलटी बाजू त्या जागेला टेकवायची. "तळव्यानं धराल त करंटच तुमाले धरते," असं त्या मला बजावत. आणि झटक्याची त्यांनी मापं ठरवली होती. नुसती झिणझिण असली तर मुंगी. कोपरापर्यंत कळ गेली तर विंचू. आणि माणूस होता तिथून दुसरीकडे जाऊन पडला तर म्हैस. "आज मुंगीच होती," असं त्या दुसऱ्या कुणी 'आज आमटीत मीठ कमी होतं' म्हणावं तसं सांगत. मी एकदा वर्गात उत्साहाच्या भरात हे उदाहरण दिलं, तर सहामाहीच्या पेपरात एका मुलानं विद्युतधारेचं एकक 'म्हैस' लिहिलं. मी त्याला अर्धा गुण दिला. आज वाटतं, पुरा द्यायला हवा होता.

या सगळ्यात मामांना एकच काम होतं. ते दाराशेजारी मेन स्विचखाली खुर्ची टाकून, मांडीवर वेळूची काठी घेऊन वर्तमानपत्र वाचत बसत. आतून "गेली वं माय!" असा आवाज आला की वर्तमानपत्रावरची नजर न काढता काठीनं स्विच खाली पाडत आणि विचारत, "कोन होतं?" आतून उत्तर येई, "विंचू." मग ते स्विच पुन्हा वर करत. "बावीस वर्सं मिलच्या मशीनीत हिनं एक बोट देल्लं नाई," ते मला म्हणत, "आन् आता घरी बसून धाई बोटं देऊन राहिली." तक्रार केल्यासारखा सूर असे, पण काठी सोडून ते चहाच्या टपरीपर्यंतसुद्धा जात नसत.

मला स्वतःला पहिली म्हैस भेटली ती कूलरमध्ये. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना कूलर म्हणजे काय हे सांगायला नको, आणि ज्यांनी काढला नाही त्यांना सांगून समजणार नाही. मामींनी तेलाचा रिकामा पिंप कापून, त्याला वाळ्याच्या ताट्या लावून आणि गिरणीतून मोडीत काढलेला पंखा बसवून घरचा कूलर केला होता. वारा असा यायचा की ताटातल्या पोळ्या उडायच्या. जावई म्हणून पाट त्याच्या अगदी समोर. मामींनी सांगितलं होतं, "मास्तर, वारा घ्या, पान्याले हात नोका लावू." स्वतः सगळीकडे हात घालणारी ही बाई मला काय लावू नका म्हणते, असं वाटून मी मान डोलावली, आणि जेवण झाल्यावर हात धुवायला अंगणात कशाला जायचं म्हणून बोटं पिंपातल्या पाण्यात बुडवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शुद्धीवर आलो तेव्हा मी भिंतीपाशी होतो, मामा काठी हातात घेऊन उभे होते आणि मामी माझ्याकडे पाहण्याऐवजी पिंपाकडे पाहत होत्या. "पान्यात एवढा कसा आला बाप्पा? काल त मुंगीच होती," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, खऱ्या कुतूहलानं, "मास्तर, कोपरापर्यंत का पुरा?"

आता खरी गोष्ट. आमच्या विहारात दर वर्षी बुद्धपौर्णिमेला कार्यक्रम असे. मंडळ पुरुषांचं, भाषणं पुरुषांची. शेवटी बायकांच्या गटाला दोन गाणी म्हणायला मिळत. मामी आणि त्यांच्या मिलमधल्या जुन्या सोबतिणी त्या दोन गाण्यांसाठी महिनाभर तालीम करत. त्या वर्षी दुपारपासून त्या पांढऱ्या लुगड्यांत ओळीनं बसून होत्या. भाषणं लांबत गेली. सेक्रेटरींनी आभार मानले, मग ज्यांचे आभार राहिले त्यांचे मानले, आणि शेवटी घाईघाईनं एक गाणं म्हणा म्हणाले. मामी उठल्या. माईक उंच माणसाच्या मापानं ठेवलेला. त्यांच्या कपाळापाशी येत होता. तो खाली करायला त्यांनी हात वर नेला, तोच भाड्यानं आणलेल्या माईकचा मालक, वस्तीतलाच एक पोरगा, मागून ओरडला, "ओ बाई, माईकले हात नोका लावू!" माईक चालूच होता. ते वाक्य भोंग्यातून अख्ख्या वस्तीनं ऐकलं. मामींनी हात मागे घेतला, पदराला पुसला, आणि टाचा उंच करून एक गाणं म्हटलं. शब्द कोणालाच ऐकू आले नाहीत.

आम्ही घरी आलो. एवढा मोठा आवाज असलेली बाई गप्प बसली म्हणजे घर किती रिकामं होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. माईकवाला पोरसवदा आहे, महागाची वस्तू आहे, त्याच्या मनात वाईट नव्हतं, असलंच काहीतरी. मास्तरांना असलं बोलणं सुचतं. मामींनी माझ्याकडे पाहिलं.

"लहानपनी गावात विहिरीले हात नोको लावू. दुकानाच्या ओट्याले नोको लावू. वरून पानी ओतत, आन् आमी खाली ओंजळ धरून उभे. छप्पन सालच्या दसऱ्याले पांढरं लुगडं नेसून गेलो, थ्या दिवशी सारं सोडून आलो, मास्तर. मंग आता आपल्याच विहारात, आपलाच पोरगा, माह्या हातची भाकर खाऊन मोठा झालेला, थो मले म्हनते हात नोका लावू?" आणि म्हणाल्या, "आता मी कोनतीच गोष्ट हात लावल्याबिगर सोडत नाई. मेली त बेहत्तर."

मला रेडिओच्या पाठीवरची ती लाल अक्षरं आठवली, आणि 'सगळ्यांनाच' हे माझं उत्तरही आठवलं. लाज वाटली. ही बाई इतकी वर्षं विजेशी का झोंबत होती, ते विज्ञानाच्या मास्तराला तोवर समजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. "मास्तर, माईकमंदी काय रायते?"

पुढच्या बुद्धपौर्णिमेपर्यंत स्वतःचा माईक आणि स्वतःचा अँप्लिफायर, असं ठरलं. आवाज मोठा करणारं ते यंत्र बसवायला मामींनी संत्र्याची लाकडी पेटी घेतली. भोंगा कबाड्याकडचा, पोचे ठोकून सरळ केलेला. माईक कुठल्याशा बंद पडलेल्या नाटक मंडळीचा. व्हॉल्व्ह रेडिओचे. राहिला ट्रान्सफॉर्मर, तो मात्र घरीच गुंडाळायचा. आतल्या व्हॉल्व्हना तीनशे व्होल्ट लागतात. त्यासाठी केसासारख्या बारीक तारेचे हजारावर वेढे मोजून घ्यायचे. वेढे मोजायला मामींनी मिलची जुनी युक्ती काढली. मिलमध्ये घड्याळ बघायला सवड नसे, तेव्हा या बायका गाण्यावर काम मोजत. एक कडवं म्हणजे इतकी रिळं. इथे एका कडव्याला पन्नास वेढे पडतात, हे त्यांनी आधी मोजून घेतलं. मग सोबतिणी जमल्या, मामींनी चक्री फिरवायला घेतली आणि चोवीस कडवी होईपर्यंत गाणं चाललं. त्या दुपारइतका गोड ट्रान्सफॉर्मर जगात कुठे गुंडाळला गेला नसेल.

प्लग लावला आणि पेटीत बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. करंट साठवून ठेवणारा मोठा कंडेन्सर फुटला होता. चंदेरी कागदाच्या चिंध्या मामांच्या वर्तमानपत्रावर, माझ्या चष्म्यावर आणि भिंतीवरच्या दोन्ही तसबिरींच्या काचांवर उडाल्या. मामींनी आधी तसबिरी पुसल्या, मग मला. मोजून पाहिलं तर तीनशेच्या जागी साडेपाचशे व्होल्ट येत होते. कारण सापडायला दोन दिवस लागले. मामींनी कडवी बरोबर मोजली होती, पण त्यांची जिवलग सोबतीण पारबताबाई प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद म्हणायला लावी, तेही दोनदा, आणि ध्रुपदात मामींचा हात काही थांबला नव्हता. पारबताबाईला विचारलं तर ती उलट चिडली. "ध्रुपद दोनदा नाई म्हटलं त थे गानं कायचं वं?" तिचंही चूक नव्हतं.

दुसऱ्यांदा वेढे तुरीच्या दाण्यांवर मोजले; पन्नास वेढ्यांना एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. तारेच्या दोन थरांमध्ये करंट अडवायला जाड, गुळगुळीत कागद हवा होता. तो घरातच निघाला: माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका. या वेळी पेटी बोलली. मामींनी माईकसमोर पहिल्यांदा "हालो" म्हटलं, तेव्हा नाल्यापलीकडच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. मला भरून आलं. आपलाही हात लागावा म्हणून मी प्लग काढला, "मामी, आता करंट असणं शक्य नाही," असं शास्त्रशुद्ध बोललो आणि आत बोट घातलं. कंडेन्सर प्लग काढल्यावरही बराच वेळ भरलेला राहतो, हे मी दर वर्षी आठवीला शिकवीत असे. मामांनी काठी खाली ठेवून पहिल्यांदाच वर्तमानपत्राची घडी घातली. "कोन होतं?" त्यांनी विचारलं. मला बोलता येईना, म्हणून मामींनीच माझ्या वतीनं सांगितलं, "म्हैस."

पौर्णिमेच्या दिवशी पेटी विहारात गेली. माईकच्या लोखंडाला घरी थोडी मुंगी येत होती. मामींना ते माहीत होतं, पण मुंगीला त्या कधी हिशेबात धरत होत्या? विहाराची फरशी मात्र त्या दिवशी नुकतीच धुतलेली, ओली. चपला सगळ्यांच्या बाहेर. तिथे मुंगीचा विंचू झाला. मामींनी उलटा हात लावून पाहिला, झटकला, आणि घरून दोन पाट मागवून घेतले. "पाटावर उभं रायचं, गायचं, माईकले शिवायचं नाई," असं त्यांनी सोबतिणींना सांगितलं. दोन गाणी झाली. सेक्रेटरी वेळ संपल्याचं सांगायला पुढे आले आणि त्यांनी सवयीनं माईकची मान धरली. पुढचा पाऊण क्षण सेक्रेटरी आमच्या मंडळाच्या इतिहासात प्रथमच अवाक होते. मग ते उडाले, चष्मा उडाला, आभाराचे कागद उडाले, आणि भोंग्यातून मामींचा आवाज अख्ख्या वस्तीवर गेला, "ओ भाऊ, माईकले हात नोका लावू!"

लोक हसून हसून खाली बसले. मी तर हसलोच हसलो, अजूनही हसतो, आणि त्याबद्दल मला कोणाची माफी मागायची नाही. त्यानंतर एकाही पुरुषानं त्या पाटांच्या आसपास पाऊल टाकलं नाही. बायकांनी अकरा गाणी म्हटली, प्रत्येक ध्रुपद दोनदा. वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या, उठू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांनी खाटेवरून ऐकली. शेवटचं गाणं झालं, बायका पाटावरून उतरल्या. पारबताबाई मात्र घुटमळली. ओल्या फरशीवर उभी राहून ती माईककडे बघत होती. "एकदा हातात धरू दे वं," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

"हात नोको लावू!" मामी ओरडल्या. माईक चालूच होता.

पारबताबाईनं हात मागे घेतला. पदराला पुसला. "हाव वं, चुकलीच माही," असं म्हणून हसली आणि चपला शोधायला लागली.

घरी लोक येत होते, कौतुक करत होते. सेक्रेटरी कसे उडाले त्याची नक्कल चालली होती. मामी मोरीच्या कडेला बसून होत्या, जेवल्या नाहीत. मी जवळ गेलो तेव्हा त्या आपला हात पाहत होत्या. "मास्तर, माह्या तोंडातून निघालं," त्या म्हणाल्या. "पारबतालेच म्हटलं मी. सारी जिनगी माह्यासंगं रिळं भरली तिनं." तिचा जीव वाचावा म्हणून ओरडलात, हे खरं होतं. पण ते सांगून काही उपयोग नव्हता. वस्तीला जिंकल्यासारखं वाटत होतं आणि मामी एकट्या हरल्या होत्या.

दुसऱ्या सकाळपासून त्यांनी करंटची गळती शोधायला घेतली. अँप्लिफायर तर चालत होता. चालणारं यंत्र उकलून का बसतेस, असं मामासुद्धा म्हणाले. "चालते, पन सगळ्याईले नाई चालत," एवढंच उत्तर. तो उन्हाळा, पावसाळा, हिवाळा त्यांनी झटके खाल्ले. आधी हौसेनं खात, आता हट्टानं. एकेक तार सोडवायची, जोडायची, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहायचं, कारण पारबताबाई तशीच उभी होती, आणि उलटा हात टेकवायचा. विंचू. पुन्हा सोडवायची. बोटांच्या मागच्या बाजूला काळे ठिपके पडले. एकदा म्हैस अशी आली की मामांची काठी खाली आली ती त्यांनी पुन्हा उचलली नाही. "बंद कर वं," ते म्हणाले. "माह्याच्यानं पाहवत नाई." मामींनी त्यांच्या हातात काठी परत दिली. "तुमी हाये म्हनून त करतो ना," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं गोड वाक्य मामांनी ऐकलं नसावं. ते पुन्हा खुर्चीत बसले आणि त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं.

शेवटी त्यांनी ट्रान्सफॉर्मरच उकलला. थर थर सोडवून, मधल्या पत्रिका अंगणात ओळीनं मांडल्या. मी शाळेतून येऊन बघतो तर प्रत्येक पत्रिकेवर एकाच ठिकाणी करपलेला डाग. वाकून पाहिलं. पत्रिका लाल होती, मजकूर काळा. फक्त पिंपळपान आणि वधूवरांची नावं हौसेनं सोनेरी छापून घेतलेली. डाग माझ्या नावावर होता. "मामी," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "सोनेरी शाईत धातूची पूड असते. तिच्यातून करंट जातो." मामींनी पत्रिका डोळ्यांपाशी धरली. माझं नाव अक्षर अक्षर बोटाखाली घेऊन वाचलं. "म्हंजे वर्सभर तुमीच गळून राहिले मास्तर!" आणि त्या जमिनीवर बसून अशा हसल्या की वर्षाचं हसू एकदम निघालं. मीही हसलो. तीस वर्षांच्या नोकरीत माझं विज्ञान एकदाच कोणाच्या कामी आलं, ते असं.

ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळला, मधे मेण लावलेला साधा कागद घालून. पुढच्या पौर्णिमेला मामींनी माईक स्वतः पारबताबाईच्या हातात दिला. फरशी मुद्दाम ओली केली होती. पारबताबाईनं दोन्ही हातांनी तो धरला, गायचं राहूनच गेलं, नुसतीच धरून उभी राहिली. मग माईक एका बाईकडून दुसरीकडे, तिसरीकडे गेला. भाड्याच्या माईकचा तो मालकही आला, खाली मान घालून, आणि मामींनी त्यालाही धरायला लावला. सेक्रेटरी मात्र पुढे कित्येक वर्षं हातभर दुरूनच भाषण करत. त्यामुळे त्यांची भाषणं आटोपशीर झाली, हा वस्तीचा फायदा. त्याच दिवशी मामींनी पांढरा रंग घेऊन संत्र्याच्या पेटीवर, जिथे बागेचं नाव छापलेलं असतं तिथे, आपल्या प्रौढवर्गाच्या वाकड्या अक्षरात लिहिलं: हात लावा.

मामी करंटनं गेल्या नाहीत. सगळ्यांना वाटलं होतं तसंच जातील. त्या गेल्या साध्या तापानं, चार दिवसांच्या. अंत्ययात्रेत कोणीतरी हळूच विचारलंच, करंट लागला का हो? मी भर रस्त्यात थांबून त्याला सांगितलं की करंटची तेवढी हिंमत नव्हती. मामांनी मेन स्विचखालची खुर्ची हलवू दिली नाही.

आता विहारात नवं यंत्र आलं आहे, पण बुद्धपौर्णिमेला बायका मामींचीच पेटी काढतात. कार्यक्रमाआधी ती तपासायचं काम माझ्याकडे आहे. मी, ज्यानं घरातला दिवा कधी बदलला नाही, तो चपला काढतो, ओल्या फरशीवर उभा राहतो, डावा हात पाठीशी नेतो आणि उजव्या हाताची उलटी बाजू माईकला टेकवतो. मामींनी काम पक्कं केलं होतं. इतक्या वर्षांत एकदाही काही लागलं नाही. तपासून झालं की मी मान हलवतो आणि बायका पुढे येतात. पण हात लगेच काढत नाही. थोडा वेळ तसाच ठेवतो, आणि मनातल्या मनात वाटतं, आज एखादी मुंगी तरी चावावी.